ढोमणेजींची न तुटणारी रेघ

मीटिंगच्या हॉलमध्ये पडद्यावर आलेख आला की सगळे पुढे वाकून बघतात. ढोमणेजी मागे सरकायचे, थेट भिंतीपर्यंत. तिथे पंख्याच्या बटणांशेजारी पाठ टेकून उभे राहायचे, चष्मा काढायचे आणि डोळ्यांना जे काही धूसर दिसेल ते बघायचे. एवढ्या लांबून, चष्म्याशिवाय, रेघ वर चालली आहे की खाली हे कळलं तर आलेख पास. नाही कळलं तर तो करणाऱ्याची खैर नसे. गोंदियाकडून आलेल्या एका डॉक्टरसाहेबांनी एकदा अकरा रंगांच्या अकरा रेघा एकाच स्लाइडवर काढून आणल्या. ढोमणेजींनी भिंतीपाशी जाऊन त्या नीट न्याहाळल्या आणि अगदी आदराने विचारलं, "साहेब, ही रांगोळी हाय का?" डॉक्टरसाहेबांची पुढे बदली झाली, पण जाईपर्यंत ते स्लाइड आधी ढोमणेजींना दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नसत.

मध्य प्रदेशात बालाघाटला ताप आणि मलेरियाचं काम बघणारं आमचं सरकारी दफ्तर. मी तिथे प्रचाराच्या टेबलावर, म्हणजे मच्छरदाणीची पोस्टरं आणि पत्रकं माझ्याकडे. माझ्या समोरच्या खिडकीपाशी आकडेवारीचं टेबल, आणि तिथे पुंडलिक ढोमणे. सोळा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. ते राजेगावचे. रोज मोटारसायकलवरून अप-डाउन करायचे, आणि मे महिन्यातही हेल्मेटच्या आत मफलर असे. कारण विचारलं तर म्हणायचे, धूळ काय महिना पाहून येते का. दफ्तर सगळं हिंदीत चालतं. घरी आमची मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. त्यामुळे दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारा माणूस म्हणजे ढोमणेजी, आणि त्यांच्याशी बोलणारी मी. भांडणंही त्यामुळे मराठीतच व्हायची, आणि बाकीच्यांना ती कौतुकाने ऐकता यायची.

संगणक आला त्याच्या आधीपासून ते रेघा काढत होते. सुरुवातीला भिंतीवर एक मऊ लाकडाचा फळा होता. त्यावर ते महिन्याच्या जागी टाचणी टोचायचे आणि टाचणी ते टाचणी लोकर ताणायचे. लोकर घरची, वहिनींच्या स्वेटरमधून उरलेली. त्यामुळे ज्या वर्षी मुलाला निळा स्वेटर झाला त्या वर्षी जिल्ह्याचा ताप निळा होता. पुढे स्लाइडचा जमाना आला, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसाने दोन बोटांनी टाइप करत सगळं शिकून घेतलं. ऑपरेटरला आकडे भरू द्यायचे, पण रेघ स्वतः काढायचे. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

त्यांचे नियम होते आणि ते सगळ्या दफ्तराला पाठ झाले होते. एका स्लाइडवर तीनच रेघा. चौथी आली की सेवया होतात. कोपऱ्यात रंगांची यादी देणारा चौकोन नको, कारण माणूस रेघ बघेल की यादी बघेल? रेघ जिथे संपते तिथेच तिचं नाव, तिच्याच रंगात. ज्या गावाबद्दल बोलायचं ती रेघ लाल, बाकीच्या राखाडी. महिने सारख्या अंतरावर, मग त्या महिन्यात कुणी काम करो ना करो. आणि वर लिहायचं ते शीर्षक म्हणजे विषयाचं नाव नव्हे, तर बातमी. "मलेरियाची मासिक स्थिती" असं कुणी लिहिलं की ते पेन्सिलने खोडून लिहायचे, "दोन वर्षांपासून ताप उतरतोय, एक ब्लॉक सोडून." मला म्हणायचे, "ताई, तुमचं पोस्टर वाचून माणसाले कळते ना का मच्छरदानी लावाची? मंग माह्या स्लाइडनं काय पाप केलं?"

एक साहेब होते, नाव नको. कामाचा उरक चांगला, पण बढतीची घाई झालेली. त्या वर्षी ताप थोडासाच उतरला होता आणि भोपाळला दाखवायला तो पुष्कळ उतरलेला हवा होता. साहेबांनी ढोमणेजींना युक्ती सांगितली. उभा अक्ष खाली शून्यापासून सुरू न करता वरूनच कुठून तरी सुरू करा, म्हणजे एवढासा उतारही कड्यासारखा दिसेल. ढोमणेजी "जी सर" म्हणाले आणि जागेवर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर साहेबांनी सांगितलेला ताप. दुसऱ्यावर साहेबांचं स्वतःचं वजन. साहेब त्या काळात पोट कमी करायच्या मागे होते आणि रोज सकाळी दवाखान्याच्या काट्यावर उभे राहून आकडा मोठ्याने सांगायचे, तो सगळ्यांना माहीत असे. महिन्याभरात दोनशे ग्रॅम कमी झालेले. पण अक्ष वरून सुरू केल्यामुळे कागदावर साहेब जवळजवळ नाहीसेच झाले होते. साहेब तो कागद बघून हसले आणि म्हणाले, शून्य से ही बनाइए. वजनाचा कागद मात्र त्यांनी घरी नेला, बायकोला दाखवायला, असं त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

एवढं सगळं सांगितलं म्हणजे ढोमणेजी चुकत नसत असा समज होईल. त्यांचाही तोच होता. त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान एका गोष्टीचा होता, तो म्हणजे त्यांची रेघ कधी तुटत नसे. बाकीच्या जिल्ह्यांच्या स्लाइडमध्ये मधेच एखादा महिना कोरा असे आणि रेघ अर्ध्यावर थांबून पुढे कुठून तरी पुन्हा उगवे. ढोमणेजींच्या नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते फोन घेऊन बसायचे आणि प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या, माणसाचा जीव खायचे. रेघ तुटली म्हणजे कुठंतरी कुणीतरी झोपलं, असं त्यांचं म्हणणं. भोपाळहून आलेल्या मोठ्या मॅडमनी एकदा भर सभेत सांगितलं की रिपोर्टिंग बघायचं तर बालाघाटचं बघा. त्या दिवशी त्यांनी पूर्ण दफ्तराला जिलबी खाऊ घातली.

मग आमच्याकडे नव्या साहेब आल्या, त्यांनाही आम्ही मॅडमच म्हणायचो. तरुण, हुशार, भराभर निर्णय घेणाऱ्या. डिसेंबरातली आढावा बैठक होती आणि पडद्यावर ढोमणेजींची स्लाइड. बैहरच्या पुढे डोंगरात एक गाव आहे, मधे मोठा नाला. तीन टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, विखुरलेलं. तिथे सुगरती नावाची गावातलीच एक बाई तापाची तपासणी करायची, बोटातून थेंबभर रक्त काढून पट्टीवर बघायची आणि गोळ्या द्यायची. त्या गावाची तीन वर्षांची रेघ लाल रंगात होती, आणि सुंदर काढलेली होती. हिवाळ्यात थोडी वर, उन्हाळ्यात खाली, आणि दर पावसाळ्यात तीन महिने अगदी जमिनीला चिकटलेली, सपाट. मॅडमनी ती बघितली आणि आनंदाने म्हणाल्या की पावसाळ्यात इथे रुग्णच नाहीत, मग ही बाई तिथे काय करते? तिची पेटी, पट्ट्या आणि औषधं सडकेवरच्या बाजाराच्या गावात हलवा, केंद्र तिथे चालवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे सांगायला लाज वाटते. पंधरा दिवसांनी पुढची बैठक, तेव्हा आदेशावर सही होणार होती.

ढोमणेजी जागेवर आले. त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पावसाळ्यात मच्छर काय सुट्टीवर जातात का?"

मी म्हटलं, नाही. आणि मग तेच सांगत गेले, हळूहळू, खिडकीकडे बघत. पावसाळ्यात नाला भरतो. तीन-तीन महिने तिथून कागद येत नाही, फोन लागत नाही. पहिल्या वर्षी ब्लॉकच्या ऑपरेटरनं विचारलं होतं की त्या गावाच्या रकान्यात काय भरू. कोरं सोडलं असतं तर रेघ तुटली असती. तेव्हा ढोमणेजींनीच त्याला सांगितलं होतं, नाही आलं तर झिरो टाक आणि पुढं चल. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो मुकाट शून्य भरत होता. आणि नाला उतरल्यावर मागचे कागद मागवायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण रकाना तर भरलेला होता. ताप नव्हता म्हणून शून्य, आणि कळलं नाही म्हणूनही शून्य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते.

आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे मोठ्या बाबूंना, हे समजलं तेव्हा त्यांनी सरळ मार्ग सुचवला. ऑपरेटर ठेक्यावरचा आहे, त्याच्या नावावर टाका, तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आली, कशाला नोटीस ओढवून घेता. ढोमणेजी त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. ती त्यांची नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती, एका पोराने त्यांची लोकर तोडली तेव्हा.

दोन दिवसांनी दफ्तराची जीप त्या बाजूला जात होती. मला पोस्टरं लावायची होती, म्हणून मीही गेले. नाला त्या वेळी गुडघाभरही नव्हता. सुगरतीचं घर वरच्या टोल्यात. बाई तिशीतली, कानात मोठी फुलं, हाताला स्पिरिटचा वास. मोठे साहेब समजून तिने आम्हाला खाट टाकली. ढोमणेजी बसले नाहीत. त्यांनी हिंदीत विचारलं, पावसाळ्याचं काही लिहिलेलं आहे का?

"लिखा तो सब है साब," ती म्हणाली, "नाला भरा रहता है न, तो कागज कैसे आता. किसी ने बाद में माँगा भी नहीं."

ती आत गेली आणि धानाच्या मातीच्या कोठीत हात घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीन वह्या काढून आणल्या. ओल लागू नये म्हणून धानात ठेवायची. ढोमणेजी अंगणातच उकिडवे बसले आणि त्यांनी पहिली वही उघडली. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, टोला, पट्टी, औषध. जुलैचं पान भरलेलं. ऑगस्टची पानं मागे-पुढे दोन्हीकडून भरलेली, समासातही नावं. ते एकेक नाव बोट ठेवून वाचत होते, ओठ हलवत. मी आलेख बघून त्यांना कितीदा खूश झालेलं पाहिलं होतं, पण आकड्याखालची नावं वाचताना पहिल्यांदाच बघत होते. एका पानाशी ते थांबले. तिथे नावापुढे औषधाचा रकाना कोरा होता, आणि त्याखाली तसे आणखी कितीतरी.

"दवाई?" त्यांनी विचारलं.

सुगरतीनं सांगितलं की पट्ट्या आणि गोळ्या पावसाळ्यासाठी फार कमी येतात, ऑगस्टच्या मध्यावर संपतात. मग ती डोंगर चढून पलीकडच्या गावातून उसन्या आणते. गेल्या वर्षी तेही जमलं नाही, तेव्हा दोन पोरांना खाटेवर घालून माणसांनी नाला पार केला. पोरं वाचली. हे ती तक्रारीच्या सुरात नाही, तर कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तशी सांगत होती. गोळ्या कमी का यायच्या हे तिला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं. मागच्या वर्षीची रेघ बघूनच पुढच्या वर्षीचा माल ठरायचा.

परतीच्या वाटेवर ढोमणेजी जीपमध्ये मागे बसले, वह्या मांडीवर घेऊन. बैहर गेलं, घाट उतरला. मला त्यांचा राग आलेला होता, आणि दयाही येत होती, आणि दोन्हीचं काय करावं ते कळत नव्हतं. बालाघाटचे दिवे दिसले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माह्या रेघीच्या हौसेपायी झालं हे."

पुढच्या बैठकीत त्यांनी दोनच स्लाइडी ठेवल्या. त्या स्लाइडी करताना मी समोर होते. वह्यांतली नावं मोजून त्यांनी महिन्यांचे आकडे काढले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मला मोजायला लावले. ज्या महिन्याची काही पानं उंदरांनी खाल्ली होती, त्या महिन्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि रेघ तिथे तुटू दिली. संगणक विचारतो, कोऱ्या जागी काय करू, शून्य धरू, दोन टोकं जोडून टाकू, की जागा मोकळी सोडू? इतकी वर्षं ते विचारण्याची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती. या वेळी मोकळी सोड म्हणून सांगितलं.

हॉल भरलेला होता. पहिली स्लाइड आली, तीच जुनी. मॅडम म्हणाल्या, हे तर पाहिलंय. मग दुसरी आली. तेच गाव, तीच तीन वर्षं, तोच अक्ष. जिथे रेघ जमिनीला टेकलेली होती, तिथेच आता ती सगळ्यांत उंच होती, दर पावसाळ्यात. एका जागी तुटलेली. वर शीर्षक होतं, "ज्या महिन्यांत आम्ही शून्य दाखवलं, त्याच महिन्यांत सर्वाधिक ताप." मॅडमनी विचारलं, हा इतका फरक कसा? मोठ्या बाबूंनी मान खाली घातली. ब्लॉकचा ऑपरेटर शेवटच्या रांगेत होता, त्याचा चेहरा मला दिसत होता.

ढोमणेजी उभे राहिले. आवाज नेहमीचाच, स्लाइड समजावतानाचा.

"मैडम, ये जो शून्य है, ये बीमारी का नहीं है. खबर नहीं आती थी, तो मैंने भरवाया है. ऑपरेटर ने मेरे कहने पर भरा. पूरा रजिस्टर लिखा हुआ था, मैंने कभी मँगाया नहीं. केंद्र वहीं रहना चाहिए, और बरसात से पहले दवा चार गुना जानी चाहिए. मुझे जो नोटिस देना है, दीजिए."

आणि ते खाली बसले. घसा खाकरला नाही, हात जोडले नाहीत. सोळा वर्षांत मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि त्यांच्यासाठी एवढी भीतीही.

नोटीस मिळाली. त्यांनी तिचं उत्तर तीन ओळींत लिहिलं, "आरोप मान्य आहे" या पहिल्या ओळीसकट, आणि मॅडमनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. केंद्र हललं नाही. मे महिन्यात पट्ट्या, गोळ्या आणि मच्छरदाण्या नाल्यापार गेल्या, आणि त्या गेल्या की नाही हे बघायला ढोमणेजी स्वतः गेले. सगळ्या ब्लॉकना पत्र निघालं की जिथून खबर नाही तिथे कोरं सोडायचं. त्यानंतर आमच्या जिल्ह्याच्या स्लाइडवर रेघा जागोजागी तुटलेल्या दिसू लागल्या. भोपाळच्या मॅडमनी पुन्हा आमचं नाव घेतलं नाही. जिथे रेघ तुटलेली दिसे तिथल्या माणसाला ढोमणेजी अजूनही फोन करायचे, पण आता ओरडायचे नाहीत, विचारायचे. आणि सुगरतीशी त्यांनी ठरवून घेतलं होतं की आठवड्यातून एकदा तिने टेकडीवर चढायचं, जिथे मोबाइलला रेंज येते, आणि आकडा सांगायचा; त्या गावाची रेघ ते आता आठवड्याआठवड्याने काढत.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. हॉल सजवला होता, समोसे आले होते, राजेगावहून वहिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर सकाळपासून पाऊस. मॅडम शाल हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि ढोमणेजींचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, हात वर करून थांबा म्हटलं आणि व्हरांड्यात गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मला पाठवलं.

ते व्हरांड्यात एका कानात बोट घालून मोठ्याने बोलत होते. "सबके घर गई थी? बीच टोला? और नाले के पार?" पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर. "बुखार था उसको? पट्टी लगाई? खुद देखी?" पुन्हा उत्तर. मग ते हॉलकडे न जाता सरळ आपल्या टेबलाशी आले, गळ्यात हार तसाच, आणि संगणक चालू केला. मी म्हटलं, अहो, मॅडम शाल धरून उभ्या आहेत.

"हौ, येतो," ते म्हणाले. त्या आठवड्याच्या रकान्यात त्यांनी एका बोटाने शून्य दाबलं. लाल रेघ खाली आली आणि जमिनीला टेकली.

"हा झिरो घरोघर जाऊन आनला तिनं, ताई. तीनही टोले."

दारात वहिनी येऊन उभ्या होत्या. "अहो, समदे वाट पाहून राह्यले ना," त्या म्हणाल्या. ढोमणेजी उठले, संगणक तसाच चालू ठेवून. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, मॅडमनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला आणि काहीतरी चांगलं बोलल्या. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या कानावर ते पडत होतं की नाही कोण जाणे, ओठ हलत होते आणि ते हळू आवाजात त्या गावातली घरं मोजत होते.